साळूबाईचं वाक्य

मी एक जुनी फळी आहे, मित्रांनो. फळी म्हटल्याबरोबर तुमच्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघरातली, डब्यांनी दडपलेली फळी आली असेल, तर ती मी नव्हे. मी लिहायची फळी आहे. कागद माझ्या पाठीवर ठेवायचा, वरच्या लोखंडी चिमट्यात अडकवायचा, मांडी घालून मला मांडीवर घ्यायचं आणि लिहायला लागायचं. तुम्ही हल्ली परीक्षेला रंगीत चित्रांची चकचकीत पॅडं नेता ना, ती माझी नातवंडं. दोन पावसाळ्यांत फुगून बसतात बिचारी. मी अस्सल सागवानी आहे. त्रेचाळीस वर्षं झाली, अजून कुठं वाकलेली नाही. पण हा तोरा राहू द्या. मला जे सांगायचं आहे ते तोऱ्यानं सांगण्यासारखं नाही.

माझा जन्म दौंडचा. त्याआधी मी आगगाडीच्या एका जुन्या डब्यात बाकाची पाठ होते. माणसं मला टेकून बसत, डुलक्या काढत, भांडत, शेंगांची टरफलं माझ्या फटीत खोचत. पुढे तो डबा मोडीत निघाला, लाकडं लिलावात गेली आणि आमचा एक ढीग रेल्वे कॉलनीमागच्या वखारीत जळणासाठी येऊन पडला. कुणाच्या तरी बंबात जायचं, एवढंच आता बाकी होतं. तेवढ्यात बबनराव ओहोळ नावाचे गँगमन सरपण न्यायला आले. रुळावर काम करून करून त्यांचे हात खडबडीत झाले होते. त्यांनी मला उचललं, नखानं खरवडून पाहिलं आणि वखारवाल्याला म्हणाले, "ही जाळायची न्हाई. ही माझ्या पोराला हुईल."

पोराचं नाव महेंद्र. त्याला नुकताच डी.एड.ला प्रवेश मिळाला होता. कॉलनीतल्या सुतारानं मला तासून गुळगुळीत केलं, कोपरे गोल केले. चिमटा मात्र बबनरावांनी स्वतः ठोकून बसवला. त्यांना सहीपुरतंच लिहिता येत होतं. काम झाल्यावर त्यांनी माझ्यावरून हात फिरवला आणि मलाच म्हणाले, "लई लोकांची पाठ टेकवून घेतलीस. आता अक्षर टेकवून घे."

त्या दिवशी मला जो आनंद झाला तसा पुन्हा कधी झाला नाही.

महेंद्र शिकून गुरुजी झाला आणि त्याला राहूच्या पुढच्या एका वस्तीवर नेमणूक मिळाली. आता मीही त्याला गुरुजीच म्हणते, कारण सगळे तसंच म्हणतात. दोन खोल्यांची शाळा, चार वर्ग, समोर लिंबाचं झाड. चहूबाजूंनी ऊस आणि उसाच्या पलीकडे गुऱ्हाळं. हंगामात वस्तीवर सगळीकडे कढत्या रसाचा वास भरून राहायचा. गुरुजींनी बुद्धविहाराशेजारी एक खोली घेतली. पावसाळ्यात, वर्षावासाचे तीन महिने, विहारात रोज ग्रंथवाचन असे. पांढरी लुगडी नेसून बायका येऊन बसत आणि गुरुजी मोठ्यानं वाचत. त्यांचं वाचन लोकांना इतकं आवडलं की कुणाकडे कसलाही कागद आला तरी तो गुरुजींकडेच येऊ लागला. नोटीस आली, घ्या गुरुजी. पोराचं पत्र आलं, वाचा गुरुजी. उत्तर लिहायचं आहे, काढा ती फळी.

शाळा सुटली की गुरुजी मला मांडीवर घेऊन ओट्यावर बसत आणि वस्तीची पत्रं लिहीत. लोक निघून गेले की त्याच ओट्यावर, माझ्याच पाठीवर, ते गोष्टी लिहीत. त्यांची एक पद्धत होती. कुणाच्या तोंडून ठसठशीत काही बोलणं निघालं की ते लगेच एका चिठ्ठीवर टिपायचं आणि ती चिठ्ठी चिमट्यात, कोऱ्या कागदांच्या मागे खोचून ठेवायची. "माणसं बोलतात तसंच लिहायचं, त्यात आपला शहाणपणा मिसळायचा नाही," असं ते म्हणायचे. मला त्याचा मोठा अभिमान वाटायचा. बोलणं ज्याचं आहे त्याला विचारावं लागतं, हे तेव्हा मलाही सुचलं नाही. मी तर लाकूडच, पण ते गुरुजी होते.

पत्र लिहून घ्यायला दर महिन्याला न चुकता एक बाई यायची. साळूबाई. वय तिशीच्या आसपास, घरात एकटी. गुऱ्हाळावर चुलवणात, म्हणजे रसाच्या कढईखालच्या भट्टीत, उसाची चिपाडं लोटायचं काम करायची. सारा दिवस त्या धगीपुढे बसून तिचे हात कोपरापर्यंत काळे पडलेले असत. येताना ती निळं आंतरदेशीय पत्र पदरात झाकून आणायची, काजळी लागू नये म्हणून.

पत्र जायचं शिरूरला. शिरूर नदीपलीकडचं. पारगावचा पूल ओलांडायचा, न्हावऱ्याला गाडी बदलायची, की आलं शिरूर. तिथं साळूबाईची थोरली बहीण सिंधूबाई राहायची. तिची मुलगी सविता शाळेत शिकत होती. पत्र तिच्या नावे असे. अभ्यास कर, आईचं ऐक, परीक्षेचं कळव, असलाच मजकूर. पण शेवटचं एक वाक्य ठरलेलं होतं. साळूबाई ते सांगताना गुरुजींकडे बघत नसे, लिंबाकडे बघे.

"लिव्हा गुरुजी. जेवताना पाणी जवळ घेऊन बस, बाई. ठसका लागला तर पाठ थोपटायला मी तिथं न्हाई."

आणि त्याखाली, 'तुझी मावशी'.

पहिल्यांदा हे वाक्य लिहिताना गुरुजींचा हात क्षणभर थांबला होता. ते मला बरोबर जाणवलं. माझ्या पाठीवर एवढं लिहिलं गेलंय, हात कुठं अडतो ते मला कळतं.

एके दिवशी सविताचं उत्तर आलं. सातवीत पहिली आली होती. गुरुजींनी वाचून दाखवलं. शेवटी तिनं लिहिलं होतं, 'मावशी, आईपेक्षा तुझीच पत्रं मला आवडतात.' साळूबाई हसली, मग तोंडात पदर कोंबून रडायला लागली. गुरुजींनी पाण्याचा तांब्या पुढे केला. ती पाणी प्यायली आणि म्हणाली, "गुरुजी, तुम्ही आपलं माणूस. म्हणून सांगते. ती माझ्या पोटची हाय."

मग तिनं सगळं सांगितलं. नवरा विहिरीच्या कामावर दरड कोसळून गेला, तेव्हा ती वीस वर्षांची होती आणि पोरगी आठ महिन्यांची. सिंधूबाईला अकरा वर्षं मूल नव्हतं. नवऱ्याची कायमची नोकरी होती, शिरूरमध्ये पक्कं घर होतं. पोरीचं तरी भलं होईल म्हणून साळूबाईनं तिला बहिणीच्या ओटीत घातलं. सिंधूबाईनं तिच्याकडून शब्द घेतला की पोरीला हे कधी कळू द्यायचं नाही.

"म्या शब्द पाळलाय," साळूबाई म्हणाली. "आज पयल्यांदा तोंडातनं निघालं. तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या."

"माझ्यापाशीच राहील," गुरुजी म्हणाले.

मित्रांनो, त्या क्षणी त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं. मी त्यांच्या मांडीवर होते, मला माहीत आहे. पण ती गेल्यावर त्यांनी एक चिठ्ठी काढली, त्यावर ठसक्याचं वाक्य लिहिलं आणि चिमट्यात मागे खोचली. ती चिठ्ठी तिथं सात वर्षं होती.

मग त्यांनी ती गोष्ट लिहिली. गुरुजींची तोवरची सगळ्यात चांगली गोष्ट. नाव बदललं, गाव बदललं, गुऱ्हाळाची वीटभट्टी केली, बहिणीची नणंद केली. इतकी काळजी घेतली की मलाही वाटलं, आता कुणाला काय कळणार. राहिलं शेवटचं वाक्य. ते त्यांनी लिहिलं, मग खोडलं. त्याऐवजी दुसरी तीन वाक्यं लिहून पाहिली. तिन्ही पांचट होती, हे मलासुद्धा समजत होतं. चार दिवस कागद तसाच माझ्यावर होता. पाचव्या दिवशी, मुलांची पाढ्यांची घोकंपट्टी चालू असताना, गुरुजींनी पेन उघडलं आणि साळूबाईचं वाक्य जसंच्या तसं लिहून टाकलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. लिहून झाल्यावर त्यांनी समाधानानं माझ्यावर थाप मारली.

गोष्ट दिवाळी अंकात आली. मग पुस्तक आलं. पुण्यात एका संस्थेनं पुरस्कार दिला. शाल, नारळ, वर्तमानपत्रात फोटो. वस्तीवर हार घातला गेला, पेढे वाटले गेले. साळूबाईनंही पेढा घेतला आणि म्हणाली, "आमचं गुरुजी लई मोठं झालं." पुस्तक मात्र वस्तीवर कुणाकडे गेलं नाही. वाचणारं होतंच कोण? एक प्रत शाळेच्या कपाटात राहिली.

चार महिन्यांनी साळूबाई धावतच ओट्यावर आली. हातात पोस्टानं आलेलं जाड पाकीट होतं. "गुरुजी, सवितानं काय धाडलंय बघा की!"

गुरुजींनी पाकीट फोडलं. आत त्यांचंच पुस्तक होतं. ते त्यांनी माझ्यावर ठेवलं. एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. ते पान कुठलं, हे आम्हा दोघांनाही न उघडता कळलं. पहिल्या कोऱ्या पानावर शाईनं लिहिलेलं होतं: 'कॉलेजच्या ग्रंथालयात वाचलं. शेवटचं वाक्य ओळखलं. घरी विचारलं तर आई रडली. मावशी, मला सांगायच्या आधी तू साऱ्या जगाला सांगितलंस. आता पत्र पाठवू नकोस. सविता.'

साळूबाई समोर उभी राहून वाट बघत होती. चेहऱ्यावर नुसता आनंद.

"काय हाय वो?"

गुरुजींनी पुस्तक मिटलं. "गोष्टींचं पुस्तक आहे. भेट पाठवलंय तुम्हाला."

"आन् ते शाईनं काय लिव्हलंय?"

"मावशीस सप्रेम भेट."

साळूबाईनं पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं आणि कपाळाला लावलं. पोरीकडून आलेली ती पहिली वस्तू होती. मग ती तिथंच बसली आणि म्हणाली, "लिव्हा. पुस्तक पोचलं. लई आवडलं." गुरुजींनी मला मांडीवर घेतलं आणि लिहिलं. ठसक्याचं वाक्यसुद्धा लिहिलं. पेन इतकं जड टेकलं की कागदाखाली माझ्यावर वळ उठले.

ते पत्र त्यांनी पेटीत टाकलं नाही. पुढची दोनही टाकली नाहीत.

उत्तर येईना म्हणून दिवाळीनंतर साळूबाई स्वतः शिरूरला जाऊन आली. संध्याकाळी ती शाळेच्या पायरीवर येऊन बसली, पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती. "सिंधूनं दारातच उभं केलं गुरुजी. म्हणली, तू शब्द मोडलास. पोरगी आत होती, भाईर आली न्हाई." मग ती स्वतःच्या तळहातांकडे बघत म्हणाली, "म्या तर कुणाला बोल्ले न्हाई. तुमच्याबिगर कुणालाच न्हाई. मग कसं कळलं असंल? माझ्याच तोंडातनं कवातरी निसटलं असंल. गुऱ्हाळावर बायांत बसल्यावर भान ऱ्हात न्हाई. व्हय ना गुरुजी?"

मी गुरुजींच्या मांडीवर होते. त्यांची बोटं माझ्या कडेवर घट्ट आवळली गेली. आता सांगतील, आता सांगतील, असं मला वाटत होतं. गुरुजी म्हणाले, "असेल."

मित्रांनो, या माणसानं माझ्या पाठीवर हजारो शब्द लिहिले. त्यातला एकही मला टोचला नाही. हा न लिहिलेला एक शब्द मात्र अजून टोचतो.

त्याच वर्षी गुरुजींनी बदली मागून घेतली. भांडगावकडच्या शाळेत गेले, तिकडून पुढे आणखी कुठे. बिऱ्हाड दौंडला हलवलं. शाळेत शिकवण्यात त्यांनी कसूर केली नाही, पण गोष्ट पुन्हा एकही लिहिली नाही. प्रकाशकाची पत्रं यायची, ती वाचून ते घडी घालून ठेवायचे. लोक विचारायचे, "गुरुजी, दुसरं पुस्तक कधी?" ते म्हणायचे, "सवड कुठाय!" सवड भरपूर होती. संध्याकाळी फलाटावर जाऊन दोन-दोन तास पुण्याच्या गाड्या बघत बसायचे. त्यांच्या पत्नी प्रतिभाताईंनी मला आधी माळ्यावर टाकलं, मग पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवलं. सागवानी फळीच्या नशिबी पिंप! फुगले नाही एवढीच माझी अब्रू राहिली. पण खरं सांगू? तिथं मला बरं वाटत होतं. निदान पाठीवर काही लिहिलं जात नव्हतं.

गुरुजी निवृत्त झाले. दोन वर्षांनी त्याच जुन्या वस्तीवरच्या शाळेतून राजश्री मॅडमचा फोन आला. मोठ्या वयाच्या निरक्षरांना लिहायला-वाचायला शिकवायची सरकारी मोहीम निघाली होती. मार्चमध्ये एका रविवारी त्यांची परीक्षा होणार होती. मॅडम म्हणाल्या, "सर, वस्तीवरच्या अकरा जणी तयार झाल्यात. पण एक आजी ऐकायलाच तयार नाहीत. म्हणतात, शिकंन तर महेंद्र गुरुजींकडंच."

गुरुजींनी फोन ठेवला. "कोण आजी हो?" प्रतिभाताईंनी विचारलं. "साळूबाई," ते म्हणाले. प्रतिभाताईंना त्या तीन न टाकलेल्या पत्रांची माहिती होती. कपडे धुताना जुन्या पिशवीत त्यांना ती सापडली होती आणि त्यांनी मुकाट्यानं परत ठेवली होती. त्या उठल्या, पिंपावरून मला काढलं, पदरानं पुसलं आणि नवऱ्याच्या हातात दिलं. "पंचवीस वर्षं झाली. जाऊन या आता," एवढंच म्हणाल्या.

वर्ग विहारात भरू लागला. साळूबाईचे केस पांढरे झाले होते. गुऱ्हाळ सुटून आता ती शाळेत खिचडी शिजवत होती. गुरुजींना बघून तिला इतका आनंद झाला की त्यांना मान वर करवेना.

"या वयात शिकायचं कशाला मनात आलं?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"सवितानं पुस्तक धाडलं व्हतं न्हवं का," साळूबाई म्हणाली. "तवापासनं ट्रंकेत फडक्यात गुंडाळून ठिवलंय. कुणाला दावलं न्हाई. तेवढं वाचून डोळं मिटायचं. पोरगी बोलत न्हाई, पर तिनं धाडलेलं तर वाचावं."

गुरुजींच्या हातातला खडू खाली पडला. बायका हसल्या.

त्यानंतरचे पाच महिने, मित्रांनो, मी जे पाहिलं ते कुठल्याच शाळेत पाहिलं नव्हतं. गुरुजी साळूबाईला जीव तोडून शिकवत होते आणि तिला यायला लागेल म्हणून घाबरतही होते. एखाद्या दिवशी मला तिच्या मांडीवर देऊन, तिचा हात हातात धरून अक्षर गिरवून घेत. दुसऱ्या दिवशी उगाचच कालचाच धडा परत काढत. जोडाक्षरांवर तर महिना काढला. जाताना रोज ठरवायचे, आज सांगायचं. येताना एसटीत माझ्यावर डोकं टेकून बसायचे. साळूबाई मात्र चिपाडं लोटल्यासारखी अक्षरं लोटत पुढेच चालली होती.

परीक्षेच्या दिवशी शाळेत तिला बाक उंच होत होता, म्हणून ती खाली बसली आणि मला मांडीवर घेतलं. तीन तास ती माझ्यावर वाकून होती. घामाचे दोन थेंब माझ्यावर पडले. मी एवढ्या परीक्षा पाहिल्या, पण एवढ्या जोरानं पेन धरणारं कुणी पाहिलं नाही.

पेपर दिल्यावर ती व्हरांड्यात आली. तिथं गुरुजी थांबले होते. तिनं पिशवीतून फडक्यात गुंडाळलेलं पुस्तक काढलं. "बसा गुरुजी. आज म्या वाचते. अडलं तर सांगा."

गुरुजी बसले. आता पळायला जागा नव्हती.

साळूबाईनं पुस्तक माझ्यावर ठेवलं आणि आधी वरचंच वाचायला घेतलं. एकेका अक्षरावर बोट ठेवत. महेंद्र. मग बबनराव. मग ओहोळ. तिचं बोट तिथंच राहिलं. ती गुरुजींकडे बघून हसली. "तुमचं पुस्तक व्हय हे? मग तवाच सांगायचं की!" तिनं पान उलटलं. पोरीचं शाईचं अक्षर तिनं हळूहळू वाचलं, एक ओळ, मग दुसरी. दुसऱ्या ओळीनंतर तिचं हसू गेलं. सगळं वाचून झाल्यावर तिनं ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग दुमडलेलं पान उघडून पुस्तक गुरुजींच्या पुढे केलं.

"हे अक्षर बारीक हाय. हे तुम्ही वाचा. जसं हाय तसं वाचा."

गुरुजींनी वाचलं. एक शब्द गाळला नाही. विहारात ज्या आवाजात वाचत तो आवाज त्यांना आणता येत नव्हता. शेवटच्या वाक्यापाशी ते थांबले, तेव्हा ते वाक्य साळूबाईनंच म्हटलं. न बघता, लिंबाकडे तोंड करून. आता तिथं लिंब नव्हता, पाण्याची टाकी होती.

गुरुजींनी पिशवीतून तीन आंतरदेशीय पत्रं काढली आणि माझ्यावर ठेवली. "ही मी टाकली नाहीत," ते म्हणाले. "साळूबाई, माझं चुकलं. तुमच्या तोंडून काही निसटलं नव्हतं. ते मीच..." ते वाकले तशी साळूबाईनं पाय मागे घेतले.

"पाया नका पडू," ती म्हणाली. "पंचवीस वरीस म्या माझ्याच तोंडाला शिव्या दिल्या, गुरुजी. बायांत बसायचं सोडलं. कुणापाशी मन मोकळं केलं न्हाई, परत काही निसटंल म्हनून. आन् तुम्हाला ठावं व्हतं."

"मी उद्याच शिरूरला जातो. सविताला शोधतो. सगळं सांगतो तिला."

"न्हाई," साळूबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुम्ही न्हाई सांगायचं. तुम्ही लई सांगितलंत. आता म्या सांगते. ही फळी तेवढी ऱ्हाऊ द्या माझ्यापाशी."

तिनं मला काखेत घेतलं आणि ती चालू लागली. मी मागे वळून पाहू शकत नाही, पण गुरुजी उठून उभे राहिल्याचा आवाज मला आला नाही.

तेव्हापासून मी साळूबाईच्या घरी असते. सविता आता नगरकडे एका शाळेत शिक्षिका आहे, एवढा पत्ता राजश्री मॅडमनी शोधून दिला. साळूबाईनं पत्र लिहायला तीन दिवस घेतले. दारात उजेडाला बसून, चार ओळी झाल्या की उठून पाणी पिऊन येई. 'सविता, हे मी माझ्या हातानं लिहिते. पुस्तक तू पाठवलंस तेव्हा मला वाचता येत नव्हतं. मी जगाला सांगितलं नव्हतं. एका माणसाला सांगितलं होतं, तो आपला वाटला म्हणून. पण आधी तुला सांगायला पाहिजे होतं, ते खरं आहे. तेवढ्यासाठी मला माफ कर.'

शेवटच्या ओळीपाशी ती आली तेव्हा गुरुजी उंबऱ्याबाहेर उभे होते. दर आठवड्याला ते असे येतात. ती त्यांना बसा म्हणत नाही आणि जा पण म्हणत नाही. तिनं पेन उचललं. 'जेवताना' एवढा शब्द हवेतच गिरवला आणि पेन खाली ठेवलं.

"लिहा की साळूबाई," गुरुजी हळूच म्हणाले. "तुमचं ते वाक्य."

"ते माझं कुठं ऱ्हायलं आता?" ती म्हणाली. "म्या लिव्हलं तर पोरीला वाटंल, पुस्तकातनं घेतलं."

तिनं खाली नुसतं 'साळू' लिहिलं. ना आई, ना मावशी. त्याच्या वर चार बोटं जागा कोरीच. तसाच कागद घडी घालून तिनं स्वतः पत्ता लिहिला आणि स्वतः पेटीत टाकून आली. गुरुजी उंबऱ्यावर बसून होते. हजार गोष्टी सुचणाऱ्या त्या माणसाला त्या कोऱ्या जागेत भरायला एक ओळ सुचली नाही.

त्याला आता आठ महिने झाले. उत्तर आलेलं नाही. पोस्टमनची मोटारसायकल वाजली की साळूबाई खिचडीचा झारा तसाच हातात घेऊन शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन येते. दुसऱ्या पत्राचा कागद तिनं माझ्या चिमट्यात लावून ठेवला आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आमची निगा राखा, आम्हाला अडगळीत टाकू नका. मला तसलं काही मागायचं नाही. मी सागवानी आहे, पिंपावरही टिकते. पण तुमच्यातलं कुणी उद्या लिहायला बसेल, कुणी नुसतं चारचौघांत बोलायला बसेल. कुणी विश्वासानं तुमच्यापाशी काही बोललं असेल, तर ते कितीही गोड लागो, त्या माणसाकडे परत जा, आणि आधी विचारा.